गावकुसाबाहेरचे सहजीवन

आपल्याकडे रानटी जनावरांचा इतिहास दोन तऱ्हांनी लिहिला गेला आहे. पहिली तऱ्हा शिकाऱ्याची. तीत बंदूक असते, मचाण असते, पायाशी लोळवलेला वाघ किंवा अस्वल असते आणि छायाचित्राच्या कडेला उघड्या अंगाची, नाव नसलेली चार-सहा माणसे उभी असतात. दुसरी तऱ्हा निसर्गप्रेमीची. तीत जंगल असते, जनावराच्या चालीचे आणि डोळ्यांचे वर्णन असते. माणूस आलाच तर तो जंगलावर अतिक्रमण करणारा म्हणून येतो. पहिल्या इतिहासात मारण्याचे कौतुक आहे, दुसऱ्यात वाचवण्याचे. छायाचित्राच्या कडेला उभी असलेली ती चार-सहा माणसे मात्र दोन्ही इतिहासांना सारखीच परकी राहिली.

या माणसांनी हाका घातला, माग काढला, साहेबाचे ओझे वाहिले. शिकार बंद झाल्यावर जनावराच्या शेजारी राहण्याची पाळीही त्यांच्यावरच आली. आज ‘मानव-वन्यजीव सहजीवन’ हा शब्द परिसंवादांतून आणि शासकीय पत्रकांतून सारखा ऐकू येतो. शब्द चांगला आहे. परंतु सहजीवन कोणाचे, कोणत्या अटींवर, आणि रात्री उघड्यावर निजायचे कोणी, हे प्रश्न त्या शब्दाखाली झाकले जातात. ते उघडे करायचे तर इतिहासात मागे जावे लागेल. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील जुन्नर-आंबेगावचा मुलूख आपण डोळ्यांसमोर ठेवू.

१

बोरी बुद्रुक हे जुन्नर तालुक्यातील कुकडी नदीकाठचे गाव. येथे नदीच्या गाळाच्या थरांमध्ये ज्वालामुखीची राख सापडली आणि त्या थरांच्या संगतीत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी १९८० च्या दशकात येथे काम केले आणि बोरीचे नाव जगभरच्या पुरातत्त्वज्ञांच्या तोंडी गेले. राखेच्या वयावरून मोठा वाद झाला. आरंभीची एक मोजणी सुमारे १४ लाख वर्षांची होती. पुढे ६ लाख ७० हजार वर्षे हा आकडा आला. ही राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची आहे, असेही अनेकांनी मांडले. हा वाद तज्ज्ञांचा आहे. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की यांतला सर्वांत लहान आकडा घेतला तरी कुकडीच्या काठी माणूस आणि श्वापद एकाच पाण्यावर येत होते, त्याला हजारो पिढ्या लोटल्या आहेत.

त्या माणसाजवळ दगडाची हातकुऱ्हाड होती. तिने तो मांस कापी, कंद खणी, हाड फोडी. परंतु त्याच्याजवळ भिंत नव्हती. श्वापदापुढे सारी माणसे सारखीच उघडी होती. तो शिकारी होता तसाच शिकारही होता.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आफ्रिकेतील ओल्डुवाई येथे जनावरांची अशी हाडे मिळाली आहेत, की ज्यांवर हिंस्र जनावरांच्या दातांच्या खुणा आहेत आणि दगडी हत्याराच्याही. काही हाडांवर दाताची खूण आधीची आणि हत्याराची नंतरची आहे. म्हणजे हिंस्र जनावरांनी मारून टाकलेल्या जनावराचे उरलेले मांस आदिमानव कापून नेत होता. मेलेल्या जनावराचे मांस हे साऱ्या मानवजातीच्या पूर्वजांचे अन्न होते. ज्या समाजाने पुढे हेच मांस काही माणसांच्या गळ्यात बांधले आणि त्यावरून त्यांना विटाळाचे ठरवले, त्या समाजाचे पूर्वजही तेच खाऊन जगले होते. दगड आणि हाड यांची साक्ष ब्राह्मण्याच्या पोथीपेक्षा जुनी आहे.

२

पुढे शेती आली, गाव आले आणि गावाभोवती कूस आले. गावकुसाचे वर्णन आपल्या ग्रामीण साहित्यात मोठ्या जिव्हाळ्याने येते. कूस दरोडेखोरापासून राखते, लांडग्या-वाघापासून राखते, रात्री वेस लागली की गाव निर्धास्त झोपते. परंतु भिंतीला दोन बाजू असतात. ज्या भिंतीने आतल्याला राखले, तिनेच बाहेरच्याला उघडे पाडले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ या १९४८ च्या ग्रंथात याच भिंतीचा प्रश्न केला. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात? त्यांचे उत्तर असे, की स्थिरावलेल्या टोळ्यांना भटक्या टोळ्यांच्या हल्ल्यांपासून राखणदार हवे होते. पराभूत होऊन विखुरलेल्या टोळ्यांतील माणसांना निवारा आणि अन्न हवे होते. दोघांत करार झाला आणि ही विखुरलेली माणसे वेशीबाहेर राखणीला बसली. अस्पृश्यता त्यांच्यावर पुढे लादली गेली. बाबासाहेबांनी येथे हल्लेखोर म्हणून माणसाचा विचार केला आहे. परंतु राखणदाराच्या जागेवरून पाहिले, तर रात्री येणारा लुटारू काय आणि श्वापद काय, दोघांनाही पहिल्यांदा भेटतो तो वेशीबाहेरचाच माणूस.

ही जागा गावगाड्याने पक्की करून टाकली. येसकराने वेशीवर बसावे. महाराने सरकारी माणसापुढे वाट दाखवत चालावे, लाकूडफाटा पुरवावा, टपाल आणि खजिना पोचवावा, मेलेले ढोर ओढून न्यावे. रानातून जाणारी वाट दाखवणारा सर्वांच्या पुढे चालतो आणि पुढे चालणाराच आधी सापडतो. याला गावाने ‘बावन्न हक्क’ असे भारदस्त नाव दिले. नाव हक्काचे आणि काम वेठीचे, ही चलाखी आपल्या समाजात फार जुनी आहे.

महाडच्या १९२७ च्या परिषदेपासून मेलेली ढोरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका, असे बाबासाहेब सांगू लागले. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. १९३९ मध्ये हरेगावला महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद भरली. ती वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. या लढ्याकडे आपण मानाचा आणि जमिनीचा लढा म्हणून पाहतो, आणि ते बरोबरच आहे. परंतु तो रात्रीच्या रानात दुसऱ्याच्या कामासाठी पुढे न चालण्याचाही लढा होता.

३

आता शिकारीकडे वळू. अस्वलाच्या शिकारीची महाराष्ट्रातील एक ठळक नोंद खानदेशातील आहे. १८२५ मध्ये इंग्रजांनी खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. तिचा प्रमुख होता जेम्स औट्रम. त्याच्या चरित्रात १८२५ ते १८३४ या काळातील शिकारीचा हिशेब दिला आहे: २३५ वाघ मारले, २२ जखमी केले, २५ अस्वले मारली, १४ जखमी केली, १२ रानरेडे मारले, ५ जखमी केले, १६ बिबटे मारले. एकूण ३२९ जनावरे. यांपैकी ४४ वाघ आणि १ बिबट्या औट्रमच्या गैरहजेरीत पलटणीतील इतर साहेबांनी मारले, एवढा बारकावाही त्या हिशेबात आहे.

एवढा चोख हिशेब ठेवणाऱ्यांनी एक रकाना मात्र आखलाच नाही. ही जनावरे शोधली कोणी? खानदेशच्या रानातील पाणवठे, गुहा आणि अस्वलाच्या वाटा साहेबाला विलायतेत शिकवल्या नव्हत्या. ते ज्ञान भिल्लांचे होते. त्यांनीच माग काढला आणि झुडपातून जनावर उठवले. जखमी झालेल्या १४ अस्वलांची नोंद आहे. जखमी अस्वल हे रानातले अत्यंत धोक्याचे जनावर. त्याच्यामागे झुडपात शिरायला आधी कोण जात असेल, हे सांगण्याची गरज नाही. जो भिल्ल कालपर्यंत ‘बंडखोर’ म्हणून मारला जात होता, त्याचे रानाचे ज्ञान कामाला घेऊन त्याच्याच डोंगरावर साहेबाने पराक्रम गाजवला. पराक्रम साहेबाच्या नावावर आणि ज्ञान ‘नेटिव्हांच्या सहज प्रवृत्ती’च्या खात्यावर, अशी ही वाटणी झाली.

पुढे शिकार हे सरकारी धोरणच बनले. वाघ, बिबटे, लांडगे यांना मारणाऱ्यास बक्षीस मिळू लागले. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत ब्रिटिश हिंदुस्थानात बक्षिसासाठी ८० हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि २ लाख लांडगे मारले गेले. बक्षीस घेणाऱ्यांत गरीब शिकारीही होते, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. ज्याच्या घरात धान्य नाही तो सरकारने किंमत लावलेले जनावर मारणारच. परंतु किंमत लावणारा हात आणि जनावर मारणारा हात यांना एकाच तराजूत घालता येत नाही.

याच काळात कायद्यांची एक मालिका आली. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा. १८७८ मध्ये जंगल कायदा. त्याच १८७८ मध्ये शस्त्र कायदा. पहिल्याने भटक्याला जन्मतः चोर ठरवले, दुसऱ्याने रान सरकारचे केले, तिसऱ्याने हत्याराला परवाना लावला आणि गोऱ्यांना त्यातून सूट दिली. हे तीन कायदे वेगवेगळ्या पुस्तकांत शिकवले जातात. रानाच्या कडेला राहणाऱ्या माणसाच्या अंगावर मात्र ते एकदमच येऊन पडले. रान गेले, हत्यार गेले आणि अब्रूही गेली. जनावर तेवढे शेजारी राहिले.

४

पारधी या शब्दातच पारध आहे. फासे लावून तितर, लावे, हरीण धरणारे ते फासेपारधी. शेतकऱ्याच्या उभ्या पिकात हरणे आणि डुकरे शिरत, तेव्हा गावाला पारधी हवा असे. पीक घरात आले, की तोच पारधी संशयित होई. १९११ च्या सुधारित कायद्याने गुन्हेगार जमातींची तरतूद मुंबई इलाख्यातही लागू झाली. हजेरी, वसाहती, काटेरी कुंपणे आली. येथे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे स्मरण होते. ते स्वतः शिकारीचे शौकीन. परंतु त्यांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात हजेरीची पद्धत बंद केली, महार वतने बरखास्त केली आणि फासेपारध्यांना जवळ करून कामे दिली. शिकारी राजालाही शिकारी जमात माणूस म्हणून दिसू शकते, एवढे त्यातून सिद्ध होते.

ब्रिटिश मुलखातील पारध्याला त्यासाठी ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत थांबावे लागले. त्या दिवशी गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. त्यानंतर पुरती २० वर्षे होतात न होतात तोच १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. जनावरे संपत चालली होती. कायद्याची गरज होती, याबद्दल वाद नाही. प्रश्न वेगळा आहे. शतकभर बंदुकीने रान रिकामे करणाऱ्यांच्या दिवाणखान्यात कातडी आणि शिंगे भिंतीवर टांगलेली राहिली आणि फासे लावून चार तितर धरणारा पुन्हा एकदा गुन्हेगार झाला. जन्माने गुन्हेगार नाही म्हणून सुटला आणि धंद्याने गुन्हेगार म्हणून अडकला. त्याला दुसरा धंदा, जमीन किंवा शाळा देण्याची जबाबदारी त्या कायद्याने कोणावर टाकली नाही.

अस्वल घेऊन गावोगाव फिरणाऱ्या दरवेशी आणि कलंदरांचेही तेच झाले. नाकात दोरी ओवलेले, दात पाडलेले अस्वल नाचवणे क्रूर होते, यात संशय नाही. पुढे वन्यजीव संस्थांनी अस्वले सोडवून घेतली, काही कुटुंबांना दुसऱ्या धंद्यासाठी मदत केली आणि २००९ मध्ये नाचणारे शेवटचे अस्वल सुपूर्द झाल्याचे जाहीर झाले. ही चांगली गोष्ट झाली. परंतु याच घटनेतून एक धडा निघतो. माणसाला पर्याय दिला तर तो जनावराला सोडतो. पर्याय न देता नुसता दंडुका दाखवला, तर जनावरही वाचत नाही आणि माणूसही.

५

कोणी म्हणेल, की मग या लोकांची स्वतःची काही रीत होती की नाही? होती. सह्याद्रीच्या या पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर आणि उत्तर कोकणात वारली लोक वाघोबाला मानतात. दिवाळीच्या तोंडावर, इतरत्र जिला वसुबारस म्हणतात त्या दिवशी, अकोले-जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी गावांतून वाघबारस होते. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत अलीकडे झालेल्या पाहणीत वाघोबाची १५० हून अधिक ठाणी नोंदली गेली. वाघ आणि बिबट्या, दोघेही त्या एकाच नावात येतात.

याकडे ‘आदिवासींचे निसर्गप्रेम’ म्हणून हळवेपणाने पाहण्याची टूम निघाली आहे. ती आपण नाकारली पाहिजे. आपण बुद्धिवादाचे पाईक आहोत. दगडाला शेंदूर लावल्याने बिबट्या शेळी सोडत नाही, हे गुराख्यालाही ठाऊक असते. परंतु त्या रितीत एक व्यवहार आहे. गुरे चारणारी मंडळी वर्षातून एकदा जमतात, रानातल्या जोखमीची आठवण ठेवतात आणि ती जोखीम साऱ्या पाड्याची आहे असे मानतात. भीती वाटून घेण्याची ही पद्धत आहे. आजच्या ‘सहजीवना’त नेमके हेच हरवले आहे. जोखीम एकाची, कौतुक दुसऱ्याचे आणि निर्णय तिसऱ्याचा.

६

जुन्नर-आंबेगावच्या भूगोलात गेल्या अर्धशतकात जे घडले ते वाघोबाच्या हिशेबातले नव्हते. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे बांधली गेली. घोड नदीवरील डिंभे धरणात ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले, ते जुने आंबेगावच बुडाले. वरच्या अंगाच्या आदिवासींच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि खालच्या अंगाला कालव्याचे पाणी आले. पाण्यामागोमाग ऊस आला, उसामागोमाग कारखाने आले.

ऊस वर्ष-दीड वर्ष रानात उभा असतो. आत गारवा, पाणी, माणसाची वर्दळ नाही. कडेला शेळ्या, कुत्री, डुकरे. बिबट्याला आणखी काय हवे? मादी उसातच वेते. तोडणीच्या वेळी फडात बछडी सापडतात. उसात जन्मलेला बिबट्या जंगलातून ‘भरकटून’ आलेला नसतो. ते त्याचे घरच असते. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहतात अशा शेतीच्या मुलखात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ बिबटे राहतात, असे त्यात आढळले.

त्याआधी जुन्नरमध्ये एक मोठी चूक घडून गेली होती. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर वनविभागात वर्षाला सरासरी ४ माणसांवर बिबट्याचे हल्ले होत. २००१ मध्ये पाळीव जनावरे मारली जाण्याचे प्रमाण वाढले म्हणून शेतीभागातून २९ बिबटे पकडून सरासरी ४० किलोमीटर दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. परिणाम उलटा झाला. त्यानंतर हल्ले वर्षाला सरासरी १७ वर गेले आणि त्यांपैकी जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. अनोळखी मुलखात सोडलेले, पिंजऱ्यात आणि माणसांच्या गराड्यात हैराण झालेले जनावर काय करील?

या घटनेचा अर्थ वनशास्त्रापुरता नाही. अडचण झाली की उचलून दुसरीकडे टाकायचे, ही आपल्या राज्यकारभाराची जुनी खोड आहे. धरण बांधायचे तर आदिवासी उचलायचा, शहर सुंदर करायचे तर झोपडी उचलायची, ओरड झाली तर बिबट्या उचलायचा. जिथे नेऊन टाकतो तिथेही कोणी राहते, याचा विचार करायचा नाही. त्या जंगलांच्या कडेलाही पाडेच होते.

आता आजचे चित्र. २०२४ मध्ये जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांतील २३३ गावे बिबट्याच्या दृष्टीने संभाव्य आपत्तिप्रवण म्हणून जाहीर झाली. बोरीचा कुकडीकाठ याच मुलखात येतो. मृताच्या वारसांना मिळणारी भरपाई २०२३ मध्ये २५ लाख रुपये झाली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात तीन माणसे गेली, त्यांत दोन मुले. लोकांनी रस्ते अडवले आणि अखेर एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. त्याच दिवसांत तिथल्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या. मेंढपाळ आपल्या कुत्र्याच्या गळ्यात घालतात तसे पट्टे. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडके बांधावे लागे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहून ठेवले. मडके माणसांनी लादले होते, खिळे बायकांनी स्वतः जीव वाचवण्यासाठी बांधले आहेत. दोन्ही गोष्टी एक नव्हेत. परंतु विसाव्या शतकात माणसाचा गळा मोकळा केला असे म्हणणाऱ्या समाजाला एकविसाव्या शतकात बाईच्या गळ्यात कुत्र्याचा पट्टा पाहावा लागतो, ही लाजेची गोष्ट आहे.

७

बिबट्या जात विचारत नाही, हे खरे. बागायतदाराचे मूलही त्याने नेले आहे. पाण्यामुळे शेतकरी गाव सोडून मळ्यात वस्ती करून राहू लागला. जुने गावकूस ढासळले आणि कुणबीही आता कुसाबाहेर आला. रात्रीच्या वीजपुरवठ्याच्या पाळीमुळे त्यालाही मध्यरात्री उसाला पाणी द्यायला जावे लागते. त्याची भीती खोटी नाही. तिची टिंगल करण्याचा अधिकार शहरातल्या प्राणिप्रेमीला नाही आणि आपल्यालाही नाही.

परंतु जुने कूस पडले म्हणून भिंत संपली असे नाही. आजची भिंत विटांची, विजेच्या दिव्याची, बंद दाराची, चारचाकीची आहे. ती ज्याला परवडते तो आत, ज्याला परवडत नाही तो बाहेर. बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून कोयता घेऊन आलेले ऊसतोड कामगार फडाच्या कडेला पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोपीत राहतात. तिला दार नसते, कडी नसते, दिवा नसतो, संडास नसतो. पहाटे आईबाप फडात उतरतात आणि लहान मूल उसाच्या कडेला झोळीत राहते. मेंढपाळ वाड्यासह उघड्यावर मुक्काम करतो. ठाकराची बाई सांजवेळी मोळी घेऊन परतते. मजूर बाई वाकून खुरपते. वाकलेल्या किंवा बसलेल्या माणसावर बिबट्याची झडप अधिक सहज पडते, आणि या देशात दिवसभर वाकून काम कोण करते हे निराळे सांगायला नको. भरपाईचा आकडा सर्वांना सारखा आहे. वारसाचा दाखला, शिधापत्रिका आणि बँकेचे खाते ज्याच्या घरून दीडशे-दोनशे किलोमीटर दूर राहिले, त्याला तो सारखा उरत नाही. आमच्या वर्गांत या कोप्यांतून वाढलेली मुले-मुली बसतात. ‘सहजीवन’ या शब्दाचा अर्थ पुस्तकातून त्यांना शिकवणे ही थट्टा ठरेल.

मग उपाय काय? सारे बिबटे मारा, असे म्हणणे सोपे आहे. इंग्रजांनी ५० वर्षे दीड लाख बिबटे मारून पाहिले. बिबट्या संपला नाही आणि गरिबाची रात्रही सुरक्षित झाली नाही. माणसाच्या जिवावर उठलेले एखादे जनावर मारण्याची तरतूद १९७२ च्या कायद्याच्या ११ व्या कलमात आहेच. तिचा वेळीच वापर झाला पाहिजे. परंतु मूळ प्रश्न बंदुकीने सुटणारा नाही. तो निवाऱ्याचा, विजेचा आणि हक्काचा आहे.

येथे विदर्भातील एक उदाहरण उपयोगी पडेल. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरच्या रानात उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे मोहफुले वेचायला बाया जातात. त्याच फुलांवर अस्वलही येते. अस्वलाची नजर अधू, माणूस एकदम समोर आला की ते बिथरते आणि तोंडावर पंजा मारते. डोळा गेलेली, चेहरा फाटलेली माणसे त्या मुलखात भेटतात. तरीही तिथली माणसे रान सोडत नाहीत, कारण पोट रानावर आहे. ती जथ्याने जातात, आवाज करत जातात, उजाडल्याची वाट पाहतात. परंतु मोहाचे झाड सरकारचे असेल, तर बाई कोणी अडवायच्या आत अंधारातच धावते. झाड गावाचे असेल, तर उजाडल्यावर जायचे असे गाव ठरवू शकते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे जंगलाचा निर्णय ग्रामसभा घेते. अस्वल तेच आहे, मोह तोच आहे. फरक हक्काचा आहे.

जुन्नर-आंबेगावला हाच विचार लावून पाहावा. शेतीला वीज दिवसा द्यावी. कारखान्यांनी ऊसतोड कामगारांना दार असलेला निवारा, दिवा, संडास आणि मुलांसाठी पाळणाघर द्यावे. ते दिल्याशिवाय गाळपाला परवानगी मिळू नये. मेंढ्या-शेळ्यांना बंदिस्त गोठे करायला भूमिहीनांना आधी अनुदान द्यावे. भरपाईचे कागद मृताच्या गावी सरकारने पोचवावेत, वारसाने कचेऱ्यांचे उंबरे झिजवू नयेत. पिंजरा कोठे लावायचा, जनावर कोठे सोडायचे, यावर ज्या समित्या ठरवतात त्यांत मजूर बाई आणि मेंढपाळ यांना जागा असावी. त्यांना रानाची माहिती अधिक आहे, एवढेच त्याचे कारण नाही. जोखीम त्यांची आहे, म्हणून निर्णयही त्यांचा असला पाहिजे.

बिबट्याशी आपले वैर नाही. कुकडीच्या काठावर तो आणि आपण फार जुने शेजारी आहोत. वैर आहे ते शेजाराची सारी किंमत वेशीबाहेरच्या माणसाकडून वसूल करणाऱ्या व्यवस्थेशी. तिने कधी त्याला येसकर म्हणून बसवले, कधी हाकारा म्हणून झुडपात घातले, कधी पारधी म्हणून कोंडले आणि आता ‘सहजीवना’चा धडा देऊन उसाच्या कडेला झोपवले आहे. हक्क असेल तर सहजीवन. हक्क नसेल तर ती वेठ. आणि वेठ करायची नाही, हे आपण महाडला ठरवले आहे.